विषय : रात्री अकरा वाजता वीज 'निर्यात' करणारा आपला एनर्जी मॉनिटर आणि त्याच्या भरवशावर चालणारा कार चार्जर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या हेल्पलाइनवरचा फोन आत्ताच ठेवला. तो कसा झाला ते पुढे येईलच, आधी मुद्दा.

इंदिरानगरातल्या आमच्या घरी सिंगल फेज कनेक्शन, 3 किलोवॉटचे ऑन-ग्रिड (महावितरणच्या लाइनला जोडलेले) सोलर, घेतलेली आणि परत पाठवलेली वीज मोजणारा महावितरणचा नेट मीटर, आपला मॉनिटर तीन सीटी क्लॅम्पसह (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणारे चिमटे) आणि आपलाच 7.2 किलोवॉटचा चार्जर आहे. घरात बॅटरी नाही, म्हणजे रात्री बाहेर पाठवायला वीजच नाही. 'बॅटरी नाही' हे इथे मुद्दाम लिहितो आहे, कारण फोनवर ते सांगूनही कोणी लिहून घेतले नाही.

पहिला क्लॅम्प मेन केबलवर आहे. बसवताना आपल्या टेक्निशियनने त्यावरचा बाण उलटा ठेवला. लक्षात आल्यावर क्लॅम्प काढून फिरवण्याऐवजी त्याने इन्स्टॉलर लॉगिनमधून 'दिशा उलट' ही सेटिंग चालू केली आणि डीबीवर (वायरिंगच्या मुख्य बोर्डावर) आपले सील चिकटवून निघून गेला. तेव्हा आकडे बरोबर येत होते. मॉनिटरच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या (फर्मवेअरच्या) मागच्या अपडेटने ती सेटिंग मूळपदावर नेली आणि तेव्हापासून आयात (महावितरणकडून घेतलेली वीज) म्हणजे निर्यात (तिकडे पाठवलेली), निर्यात म्हणजे आयात असा कारभार चालू आहे. दोष एवढाच. दुरुस्ती आपल्या सर्व्हरवरून एका क्लिकची. ग्राहकाच्या लॉगिनमध्ये ती सेटिंग दिसत नाही, आणि क्लॅम्प स्वतः फिरवावा तर सील तुटून वॉरंटी जाते.

पुरावा हवा असेल तर घ्या. गेल्या बिलात नेट मीटरची आयात 236 युनिट, निर्यात 198. त्याच काळात आपल्या ॲपवर आयात 198.6 आणि निर्यात 235.1. आपल्या हिशेबाने महावितरणकडेच आमचे 36 युनिट जमा व्हायला हवेत. बिल मात्र 38 युनिटचे आले आणि आम्ही ते भरले.

दुपारी इन्व्हर्टरच्या डिस्प्लेवर 2.4 किलोवॉट असतात, घर 0.6 खाते, 1.8 बाहेर जातात. ॲप हे 1.8 आयात म्हणून निर्मितीत मिळवते आणि घराचा वापर 4.2 दाखवते. फ्रिज, पंखे आणि एक वॉशिंग मशीन मिळून 4.2 किलोवॉट होत नाहीत, हे आपल्या सॉफ्टवेअर विभागाला कोणीतरी सांगावे.

आकडे चुकीचे दिसले एवढ्यावर भागले असते तर हे पत्र लिहिले नसते. 'फक्त जादा सोलरवर चार्ज' हा मोड याच आकड्यावर चालतो. चार्जर 6 अँपिअरच्या खाली चालू होत नाही, म्हणजे 230 व्होल्टला साधारण 1.4 किलोवॉट जादा वीज लागते. भर दुपारी 1.8 किलोवॉट जादा असताना चार्जर ढिम्म. रात्री एसी आणि बाकीचे मिळून 1.6 किलोवॉटची आयात होते, ॲपला ती निर्यात वाटते आणि चार्जर चालू होतो. चार्जरने वीज ओढली की आयात वाढते, ॲपला वाटते जादा वीज आणखी वाढली, मग चार्जर आणखी ओढतो. बघता बघता 32 अँपिअर. त्यात घराचे 7 धरून 39. आमचा मेन एमसीबी 40 अँपिअरचा आहे. त्यावर कोणी गिझर आणि इंडक्शन लावले की 54 च्या आसपास जाते, एमसीबी तापतो आणि थोड्या वेळात अख्खे घर अंधारात. नेट मीटरिंगमध्ये दिवसाचे युनिट रात्रीच्या युनिटातून वजा होतात, त्यामुळे पैशाचे नुकसान फार नाही, हे मान्य. पण मेन केबल आणि तिचे जोड रोज रात्री एमसीबीच्या मर्यादेशी भिडवून ठेवायला आम्ही 'स्मार्ट' चार्जर घेतला नव्हता. सध्या हा मोड बंद करून टायमरवर काम भागवतो आहोत. टायमर कुठल्याही साध्या चार्जरला असतो.

आता फोनविषयी. आपल्या प्रतिनिधीने आधी ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितले. टाकले. मग वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्झवर आहे का, हे विचारले. आकडे येत आहेत, त्यांचे चिन्ह उलटे आहे, असे सांगितल्यावर उत्तर आले, "सर, एक्सपोर्ट दिसतंय म्हणजे सिस्टीम छान चाललीय." रात्री अकरा वाजता? "हो सर, आपली टेक्नॉलॉजी कमी प्रकाशातही काम करते." मग त्याच ॲपवर सोलर निर्मिती शून्य का? यावर आम्हाला होल्डवर टाकून सनईचे रेकॉर्डिंग ऐकवण्यात आले, लग्नघरात बसल्यासारखे. परत आल्यावर वरिष्ठांचा प्रश्न होता, "सर, घरासमोर हॅलोजन आहे का?" नाही. "मग सर, एक्सपोर्ट जास्त दिसतंय तर त्यात तुमचा फायदाच आहे ना?" हे वाक्य आपल्याकडे रेकॉर्ड झालेले असेलच, शांतपणे ऐका. फोन ठेवल्याबरोबर मेसेज आला : आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवली आहे, पाच तारे द्या.

तिसऱ्या क्लॅम्पचेही ऐका. तो गाडीचे युनिट मोजायला होता. डीबीत जागा कमी म्हणून टेक्निशियनने तो चार्जरकडे जाणाऱ्या अख्ख्या थ्री-कोर केबलवर अडकवला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच क्लॅम्पमधून गेले तर दोन्ही प्रवाह एकमेकांना खोडतात आणि उत्तर शून्य येते. चार्जरच्या स्वतःच्या डिस्प्लेवर 14.6 युनिट असताना ॲपमध्ये गाडी 0.02 युनिट, आणि उरलेले सगळे 'इतर' खात्यात. क्लॅम्प चार्जरच्या आरसीबीओमधून (डीबीतल्या संरक्षक स्विचमधून) निघणाऱ्या एकट्या फेज वायरवर हवा. हे तेव्हाच सांगितले होते. "गाडी कमी वीज खाते, चांगलंय ना," असे उत्तर मिळाले. फायदा दाखवून द्यायचा आपल्या कंपनीचा हातखंडा आहे.

आता मागणी. दिशेची सेटिंग आजच दुरुस्त करा, आणि पुढच्या अपडेटने ती पुन्हा पुसली जाणार नाही याची लेखी हमी द्या. त्याहून बरे म्हणजे टेक्निशियन पाठवून क्लॅम्प फिरवा आणि सील पुन्हा लावा. तिसरा क्लॅम्प एकट्या फेजवर घ्या. अपडेटच्या दिवसापासूनच्या नोंदींचे चिन्ह बदलून द्या, ते आपल्या सर्व्हरवरच आहे. आणि सोलर निर्मिती शून्य असताना निर्यात दिसली तर चार्जर चालू होऊ नये, एवढी एक अट प्रोग्राममध्ये घाला. ज्यांच्या घरी बॅटरी नाही अशा प्रत्येक ग्राहकाला ती लागू पडते, आणि अशा घरांत चार्जर रात्री आपोआप का चालू होतो हे कळायला सगळ्यांकडे नेट मीटर वाचायची सवड नसते. दिशेची सेटिंग आजच, हे पुन्हा लिहितो, कारण फोनवर ते पुन्हा पुन्हा सांगूनही तिकीट बंद झाले.

पंधरा दिवसांत हे झाले नाही तर मॉनिटर आणि चार्जर दोन्हीची पूर्ण रक्कम परत हवी. तीही नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंद करून ई-जागृती पोर्टलवरून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. 2019 च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, त्यामुळे आमचा खर्च फक्त झेरॉक्सचा. आमच्या कॉलनीत आणखी काही घरांवर सोलर बसते आहे आणि मॉनिटर कोणाचा घ्यावा हे आम्हाला विचारले जाते. आतापर्यंत आपले नाव सांगत होतो.

टेक्निशियन पाठवाल तेव्हा त्याच्याकडे स्वतःचा क्लॅम्प मीटर आणि डीबीत हात घालण्याआधी मेन बंद करायची सवय, दोन्ही असू द्या. मागच्या वेळी दोन्ही नव्हते.

आपला,
(सही)
इंदिरानगर, नाशिक

सोबत : वीजबिलाची प्रत, ॲपचे स्क्रीनशॉट, चार्जरच्या डिस्प्लेचा फोटो, 'समाधानकारकरीत्या सोडवली' हा मेसेज