पुण्याच्या ऑडिटबद्दल

राजारामपुरी, कोल्हापूर
रविवार, दुपार

ती. आबांस आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मागच्या महिन्यात ‘चार दिवस पुण्याला ऑडिटला चाललेय’ असं सांगून गेले होते, ते खोटं होतं. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडत दुकानाचं ऑडिट पुण्याला कशाला होईल, हे आबांच्या लक्षात आलंच असणार. फोनवर तुम्ही नुसतं ‘बरं’ म्हणालात, आणि एवढ्याशा ‘बरं’वर तुम्ही कधी गप्प बसल्याचं मला तरी आठवत नाही. मी दवाखान्यात होते. आता ठणठणीत आहे. हे आधीच लिहिते, नाहीतर आई पत्र अर्धवट टाकून देवापुढे जाऊन बसेल.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण आपल्याकडे फोन स्पीकरवर असतो, उंबऱ्यात शेजारच्या काकी असतात आणि आई दुसऱ्या वाक्याला रडायला लागते. पत्राला आणखी एक कारण आहे, ते शेवटी येईलच. आबा, शेवट आधी वाचू नका.

आई, माझं बारावीचं वर्ष आठव. परसात पाण्याची कळशी उचलायला मी वाकले आणि छातीत एकदम काहीतरी सुटलं. हळूहळू वाढलं नाही. स्टार्टर दाबला की मोटर उठते तसं, एका क्षणात. मी तिथंच दगडावर बसले. तू माझ्या गळ्याकडे बघून म्हणालीस, ‘‘बेडकागत उडतंय की गं नरडं! थांब, दिष्ट काढतो.’’ मीठ-मिरच्या चुलीत गेल्या, ठसका मात्र कुणालाच आला नाही, म्हणजे नजर भारी होती असं ठरलं. वीस मिनिटांनी धडधड आली तशीच फटदिशी गेली. त्यानंतर मी तासाभरात तीनदा मोरीत जाऊन आले, त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही.

मग एका डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं. इथं कॉलेजला आल्यावर दुसऱ्यांनी अभ्यासाचं टेन्शन म्हटलं. तिसऱ्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. रक्त खरंच कमी होतं, त्यामुळे त्या फुकट गेल्या असं नाही. पण धडधड वर्षातून चार-पाच वेळा यायची ती येतच राहिली. वाकलं की, कधी जिना उतरताना, कधी अगदी निवांत टीव्हीपुढे.

आणि मग स्थळं बघायला सुरुवात झाली. इथं मी जरा थांबून लिहितेय. पाव्हणे यायच्या आदल्या रात्री तू मला स्वयंपाकघरात घेऊन म्हणालीस, ‘‘छातीचं काय बोलायचं न्हाई. पोरीच्या जातीला असलं चिकटलं की सुटत न्हाई.’’ तुझं भय खोटं नव्हतं, मला ते तेव्हाही कळत होतं. पण मी ती सूचना फार चांगली पाळली, आई. लग्नानंतर सहा वर्षं ह्यांनाही सांगितलं नाही. रंकाळ्यावर फिरताना सुरू झालं की चपलेचा पट्टा तुटल्याचं नाटक करून कठड्यावर बसायचे. मला तुझ्याकडून काही वदवून घ्यायचं नाहीये. फक्त तुला माहीत असावं.

शेवटी ह्यांनीच एका रात्री माझा हात धरून घड्याळ लावलं आणि म्हणाले, ‘‘मोजताच येईना, एवढं पळतंय.’’ तिथून दवाखाने सुरू झाले. तीन वेळा ईसीजी काढला, तिन्ही वेळा नॉर्मल. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. मग होल्टर लावलं: छातीवर चिकटपट्ट्या, कमरेला ठोके टिपणारी छोटी डबी, चोवीस तास. त्या चोवीस तासांत माझं हृदय इन्स्पेक्टर वर्गात आल्यावर मुलं बसतात तसं हाताची घडी घालून बसलं. डबी काढून दिली आणि चौथ्या दिवशी भाजी निवडताना दीडशेच्या वर पळायला लागलं. असा राग आला होता! आजार आहे हे मलाच खरं वाटेना. प्रत्येक डॉक्टरांनी शेवटी ‘टेन्शन घेता का?’ विचारायचं आणि मी मान खाली घालायची, जणू काही चोरीच केली होती.

चौथे डॉक्टर वेगळे निघाले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून दोनच गोष्टी विचारल्या. धडधड सुरू असताना गळ्यात उडतं का? थांबल्यावर लघवीला खूप जावं लागतं का? मी त्यांच्यासमोर रडले. चोवीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आवळले गेले की वरच्या कप्प्यातलं रक्त मागे गळ्याच्या शिरांत उसळतं. आणि वरचे कप्पे ताणले की त्यांतून एक रस सुटतो, तो मूत्रपिंडांना पाणी सोडायला लावतो. आणि आई, ऐक. गळ्याच्या त्या उडण्याला डॉक्टरी पुस्तकांतही बेडकाचीच उपमा आहे. तू परसात उभी राहून पहिल्याच दिवशी बरोबर पाहिलं होतंस. फक्त मिरच्यांऐवजी ईसीजी हवा होता.

त्यांचं म्हणणं असं की ईसीजी म्हणजे दहा सेकंदांचा फोटो. चोर घरात नसताना काढलेल्या फोटोत चोर कसा दिसणार? ‘‘पुढच्या वेळी सुरू झालं की घरी जाऊन पडू नका. जिथं असाल तिथून जवळचं ईसीजी मशीन गाठा आणि चालू असतानाचा कागद मिळवा. तो कागद म्हणजेच निदान.’’ आणि चक्कर आली किंवा शुद्ध गेल्यासारखं वाटलं तर एकटीने निघायचं नाही, हेही त्यांनी दोनदा बजावलं.

तो कागद यंदाच्या गुळाच्या हंगामात मिळाला. खालच्या कप्प्यातलं रोजमेळाचं रजिस्टर काढायला वाकले आणि सुटलं. दुकानातल्या पोराने स्कूटरवर बसवून पाच मिनिटांत दवाखान्यात नेलं. ठोके १८८. बसल्या जागी ६० ते १०० असतात, त्यावरून धरा. आधी त्यांनी एक रिकामी सिरिंज तोंडात धरून पंधरा सेकंद जोराने फुंकायला लावली आणि लगेच आडवं करून पाय वर धरले. २०१५ साली इंग्लंडमध्ये हे तपासलं गेलं. असं पाय उचलून केलं तर शंभरातल्या ४३ जणांची धडधड एवढ्यावरच थांबली, नुसतं फुंकून १७ जणांची. मी उरलेल्या सत्तावन्नांतली. मग दंडाच्या शिरेत ॲडिनोसिन नावाचं धडधड थांबवायचं इंजेक्शन दिलं. नर्स आधीच म्हणाली, ‘‘ताई, काही सेकंद लई वाईट वाटंल, घाबरायचं न्हाई.’’ छातीवर कुणी जातं ठेवावं तसं झालं, आता संपलं असं वाटलं, कागदावर क्षणभर सरळ रेघ आली. आणि मग टक्, टक्, टक्. ८४.

आबा, आता तुमच्यासाठी. तुम्ही गाडी हाकलीय, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे विजेच्या रस्त्यावर एक नाका आहे. तावारा नावाच्या जपानी माणसाने १९०६ साली तो शोधला. माझ्या त्या नाक्यात दोन रस्ते आहेत. ते पुष्कळांच्यात असतात आणि बहुतेकांना जन्मभर कळतही नाहीत. समजा, मुदाळ तिट्ट्यावरून कोल्हापूरला यायचंय. बिद्रीवरून जवळ पडतं, पण कारखान्याचा हंगाम असला की उसाच्या ट्रॅक्टरांनी तुंबतं. मुरगूड-कागलवरून लांब पडतं, पण मोकळं. रोजची गाडी बिद्रीवरूनच येते. एखादी गाडी वेळेआधी सुटली, बिद्री तुंबलेलं दिसलं, म्हणून ती कागलवरून आली. पोचेपर्यंत बिद्री मोकळं झालेलं. मग ती त्याच रस्त्याने उलटी तिट्ट्यावर, तिथून पुन्हा कागल, पुन्हा बिद्री. गरगर फिरत राहते, आणि प्रत्येक फेरीला खालचे कप्पे एक ठोका मारतात. एवढाच आजार. झडप खराब नाही, नळी तुंबलेली नाही.

पुण्याला मी कागलचा रस्ता बंद करून घेतला. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेतात. जागा बधिर करतात, माणूस जागा असतो. आधी ती धडधड मुद्दाम सुरू करतात. चोवीस वर्षं जिला भिऊन राहिले ती कुणीतरी बटण दाबून सुरू केलेली बघताना मला हसूच आलं. मग तारेचं टोक गरम करून तेवढी जागा भाजतात. शंभरात पंचाण्णवहून जास्त जणांचं कायमचं थांबतं. शेजारी मुख्य रस्ता असतो, त्याला धक्का लागला तर पेसमेकर बसवावा लागतो. तसं शंभरात एखाद्याचं होतं. सही करण्याआधी ते मला नीट सांगितलं होतं, आणि त्या एका सहीसाठीच तुम्हाला कळवलं नाही. आई ‘नको’ म्हणाली असती आणि मी ऐकलं असतं. नंतर काही तास पाय न हलवता उताणं पडायचं, तेच काय ते अवघड गेलं. मांडीवर जांभळा डाग होता, तोही गेला. परवा कप्प्यातलं रजिस्टर काढायला मुद्दाम तीनदा वाकून बघितलं.

आता दुसरं कारण.

गणपतीत आले होते तेव्हा आबांचं बीपी मीच घेतलं. आकडे बरे होते, पण मशीनवर कोपऱ्यात एक छोटं हृदयाचं चिन्ह लुकलुकत होतं. आई म्हणाली, ‘‘सेल गेल्यात.’’ मी मनगट धरून पाहिलं. आबा, माझी नाडी पळायची, पण घड्याळासारखी एका तालात. तुमची पळत नव्हती, पण तिला ताल नव्हता. दोन जवळ, एक लांब, मधेच एक दबका. तुम्ही हात काढून घेतलात आणि चहा मागितलात. चैत्रात जोतिबाच्या पायऱ्यांवर तुम्ही तीनदा बसलात तेव्हा ‘वय झालं’ म्हणालात. मला आठवतं, डेपोची मेडिकल जवळ आली की तुम्ही आठवडाभर मीठ सोडायचात, ड्युटी जाऊ नये म्हणून. आता कुठली ड्युटी जाणार आहे?

मी डॉक्टर नाही. मधेमधे एखादा जादा ठोका पडतोय, एवढंच निघेल कदाचित. पण वरचे कप्पे नीट आवळायचे सोडून नुसते थरथरत असले तरी नाडी अशीच लागते, आणि माणसाला स्वतःला पुष्कळदा काहीच कळत नाही. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा. तो धोका साधारण पाचपट वाढतो. आपल्याकडे अंगावरून वारं गेलं म्हणतात ना, ते काही वेळा असं आतूनच सुटलेलं असतं. आधी कळलं तर रक्त पातळ ठेवायची गोळी असते. काकांच्या डबीतली ॲस्पिरिन त्याला पुरत नाही, म्हणून ती मागून घेऊ नका, मी ओळखते तुम्हाला.

गुरुवारी सकाळच्या पहिल्या गाडीने दोघंही या. हे स्टँडवर येतील. नंबर लावून ठेवलाय. ईसीजीला उपाशीपोटी लागत नाही, भाकरी खाऊन निघा. जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत असू देत. तोवर आई, रोज सकाळी आबा निवांत बसले असताना मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोज आणि कॅलेंडरच्या त्या चौकोनात आकडा लिही. ताल लागला की ‘ता’, नाही लागला तर ‘ना’. आबांना विचारून लिहू नकोस. आणि मधेच त्यांचं तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर गुरुवारची वाट बघायची नाही. तडक १०८ ला फोन.

बाकी सगळे मजेत. धाकटीची सहामाही सुरू आहे.

तुमची,
थोरली

ता. क. बीपीचं मशीनही आणा. सेल मी नवे घेऊन ठेवलेत, इथं घालून बघू.