दारू न पिताही लिव्हर बिघडतं, आई

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघालं तेव्हा तू म्हणालीस, "मी कधी थेंबाला शिवले नाही, मला कसलं लिव्हरचं दुखणं?" म्हणूनच हे सविस्तर लिहितेय.

लिव्हरमध्ये चरबी साठायला दारू लागतेच असं नाही. सुटलेलं पोट, डायबेटिस, शरीराने इन्सुलिनला दाद न देणं, एवढं पुरतं. त्यात पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन बायकांच्या लिव्हरला बरंच सांभाळून घेतं. पाळी गेली की ते कमी होतं आणि चरबी मांड्यांऐवजी पोटात साठू लागते. आतड्यांभोवतालच्या या चरबीतून सुटलेली स्निग्धाम्लं रक्तावाटे थेट लिव्हरकडे जातात. जेवण पूर्वीइतकंच असूनही तुझा घेर वाढला, त्यात याचा मोठा वाटा असणार. यात तुझा दोष नाही. थायरॉइड कमी असेल तरी धोका वाढतो, तेव्हा ती गोळी चुकवू नकोस.

बाबा, तुम्ही रात्रीच्या पेगला 'औषधापुरता' म्हणता. पण वाढलेलं वजन आणि दारू एकत्र आली की नुकसान नुसत्या बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. तो बंदच करा, मनापासून सांगतेय.

चरबीपेक्षा मला खरी काळजी आहे ती फायब्रोसिसची, म्हणजे लिव्हरवर व्रण पडत जाण्याची. ते वर्षानुवर्षं काही दुखू न देता वाढतं, एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल असतानाही. म्हणून डॉक्टरांना 'फिब-४', म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा, काढायला सांगा. वय, एसजीपीटी, तशीच दुसरी तपासणी एसजीओटी आणि प्लेटलेट्स यांवरून तो निघतो. जास्त आला तर पुढे फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरून मोजणारी तपासणी. हेपटायटिस बी आणि सी कधी तपासलं नसेल तर तेही करून घ्या.

वजन ७ ते १० टक्के उतरलं तर लिव्हरची सूज कमी होते, कधी व्रणही मागे हटतात. आई, तुझ्या ७० किलोतले ५ ते ७. पण हळूहळू! उपाशी राहून झपाट्याने उतरवलंस तर लिव्हरला उलट त्रास होतो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला, गोड पेयं सोडा. बिनसाखरेची कॉफी मात्र खुशाल घ्या, लिव्हरला ती मानवते. आणि कुणी सुचवलेला 'लिव्हर साफ करणारा' काढा नको. असल्या काढ्यांनी लिव्हरला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

बाबा, माझ्यावर रागावलात तरी चालेल, पण डॉक्टरांनी विचारल्यावर पेगचा खरा आकडा सांगा. आई, तू सोबत जा. रिपोर्ट आले की मला पाठवा.

तुमची लेक