आस्थापना शाखेतील भाऊसाहेबांचे जाहीर आभार

माननीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पंचायत समितीच्या शिक्षण विभागातील आस्थापनेच्या टेबलाविषयी आम्ही शिक्षक एरवी काय बोलतो ते आपल्या कानावर आलेले असणारच, त्यामुळे त्या टेबलामागे बसणाऱ्या माणसाचे जाहीर आभार मानलेले पाहून काही जणांना नवल वाटेल. तरीही हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज घेऊन आले, तेव्हा आपण तो आवक नोंदवहीत चढवण्याची घाई केली नाही. आधी शिपायाला माझे सेवापुस्तक काढायला सांगितले आणि मला बसायला खुर्ची दिली.

मी किती थकले होते हे सांगायची वेळ आपण माझ्यावर आणली नाही, म्हणून इथे सांगते. आमची शाळा द्विशिक्षकी आहे. सहकारी प्रशिक्षणाला गेले की पहिली ते चौथीचे चारही वर्ग माझ्याकडे येतात, त्यातच पोषण आहाराची रोजची नोंद करायची, ‘आजच्या आज’ मागवलेली माहिती भरायची आणि शाळा सुटल्यावर मतदार यादी घेऊन दारोदार फिरायचे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामे त्यातून वगळलेली आहेत, आणि आपल्याकडे निवडणुकांना काय तोटा! त्यात 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायला हवी. 1998 सालापासून शिकवणाऱ्या बाईने आता पात्रता सिद्ध करायची, या विचाराने मन इतके कडवट झाले की त्याच रात्री मी अर्ज लिहून काढला.

आपण त्यावर ना सांत्वन केले ना उपदेश. रद्द झालेल्या वेतन देयकाचा पाठकोरा कागद घेऊन आपण त्यावर पट्टीने तीन रकाने आखले. पहिल्यात स्वेच्छानिवृत्ती: वीस वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी, सेवा आहे, तीन महिन्यांची नोटीस पुरे, परंतु निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनावर ठरत असल्याने अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंतच्या साऱ्या वेतनवाढींवर पाणी सोडावे लागेल, आणि अंशराशीकरण केले, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग आधीच एकरकमी घेतला, तर हाती येणारी मासिक रक्कम आणखी घटेल. त्या रकमेतून शिक्षक पतसंस्थेचा हप्ता आणि मुलीच्या महाविद्यालयाची फी वजा करून जे उरले, त्याच्याखाली आपण दोन रेघा ओढल्या. दुसऱ्या रकान्यात पदोन्नतीने मिळणारे, परिसरातल्या शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुखपद होते आणि तिसऱ्यात आहे तिथेच राहणे. निकालाची प्रत वाचून दाखवताना आपण समजावले की ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी उरली आहे त्यांना नोकरीत राहण्यापुरती सूट आहे, पदोन्नतीसाठी मात्र नाही. माझी सेवा त्याहून अधिक उरलेली असल्याने दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण होणे मला दोन्ही रकान्यांत चुकणार नव्हते. कोणी इतक्या स्वच्छपणे सांगितले असते तर आमच्या शिक्षकांच्या गटात महिनाभर अफवा फिरल्या नसत्या.

सेवापुस्तक चाळताना एका जुन्या वर्षाच्या सेवा पडताळणीचा शेरा आपल्याला कोरा आढळला. तो मी कधी मागितलाही नसता. पण निवृत्तीच्या वेळी अशा एका कोऱ्या ओळीपायी प्रकरण किती रेंगाळते हे आपण पाहिलेले होते. आपण तिथे कागदाची चिठ्ठी खुणेला ठेवली, त्या वर्षाची वेतन देयके शोधून काढली आणि पुढच्या खेपेला मी आले तेव्हा शेरा सहीशिक्क्यासह पूर्ण झालेला होता.

सगळ्यात मोठे उपकार मात्र चौथ्या रकान्याचे. चहा येईपर्यंत मी सहज तिसरीतल्या एका मुलाविषयी बोलत होते. तो ‘घर’ लिहायला घेतो आणि ‘धर’ लिहितो, जोडाक्षर आले की ओळच सोडून देतो, पण आठवडी बाजारात वडिलांच्या भाजीच्या पाटीवर बसून सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी चोख करतो. अशा मुलांना वाचायला कसे शिकवतात ते नीट शिकायची माझी फार दिवसांची इच्छा आहे, असे मी म्हणाले, तेव्हा आपण चष्मा काढून ‘बाई, मग हे लिहायचे राहिलेच की’ एवढेच म्हणालात आणि आणखी एक रेघ आखलीत. विशेष शिक्षणाची पदविका, त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, अध्ययन रजा घेतली तर द्यावे लागणारे बंधपत्र, असाधारण रजा घेतली तर बुडणारा पगार, हे सगळे आपण एकाखाली एक लिहिले आणि अर्ज माझा मला परत दिला. नोटीस कधीही देता येते, ती एकदा मंजूर झाली की मागे फिरणे अवघड, एवढीच पुस्ती आपण जोडली.

तो पाठकोरा कागद घरी सर्वांनी पाहिला आणि त्यावर बरीच वादावादीही झाली. सध्या टीईटीचा अभ्यास सुरू आहे. बालमानसशास्त्राचा भाग, कबूल करायला हरकत नाही, मनापासून आवडतो आहे. पतसंस्थेचे कर्ज फिटत आले की अध्ययन रजेचा अर्ज मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत रीतसर आपल्या टेबलावर येईल. ओळखीखातर त्यातल्या त्रुटी कमी काढू नयेत, ही विनंती.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका