डाग एकदाच दिसला तरी

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

विहीणबाईंची पाळी जाऊन ६ वर्षं झाली, आता डाग दिसला आणि दोन दिवसांत थांबलाही, म्हणून घरात ‘उष्णता झाली असेल’ असं ठरलं, हे वाचून लगेच लिहायला बसले. पाळी बंद होऊन सलग १२ महिने उलटले की नंतर दिसलेलं रक्त तपासायचंच, मग तो नुसता गुलाबी स्राव का असेना. थांबलं म्हणजे बरं झालं असं धरू नका. कॅन्सरमध्येही ते थांबून थांबून येतं.

दहापैकी साधारण नऊ जणींत कारण साधं निघतं, हे त्यांना आधी सांग. बहुतेक वेळा इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झाल्यानं योनीचा आणि गर्भपिशवीचा आतला थर पातळ, कोरडा होतो आणि जरा घासलं तरी रक्त येतं. कधी पॉलिप, म्हणजे आत वाढलेला छोटा कोंब, असतो, कधी पिशवीचं अस्तर जाड झालेलं असतं. पण त्यांना मधुमेह आहे, वजनही जास्त आहे. चरबीत इस्ट्रोजेन बनत राहतं, त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन या वयात नसतं, आणि अस्तर वाढत जातं. म्हणून याच आठवड्यात त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे ने.

आधी आतून तपासणी होईल. रक्त पिशवीतून, तिच्या तोंडातून, की लघवीच्या जागेतून किंवा मूळव्याधीतून येतंय, ते तिथेच बरंचसं कळतं. मग योनीमार्गे सोनोग्राफी, लघवी करून जायचं. रिपोर्टात अस्तराची जाडी बघ. ४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर कॅन्सरची शक्यता फारच थोडी. त्याहून जास्त असेल तर अस्तराचा तुकडा काढून तपासायला हवा. रक्त पुन्हा आलं तर अस्तर पातळ असूनही तुकडा घ्यावा. पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणून सुटलो असं नाही, तो पिशवीच्या तोंडासाठी असतो.

तुकडा बारीक प्लॅस्टिकच्या नळीनं ओपीडीतच काही मिनिटांत घेता येतो. पाळीसारखी कळ येते. तासभर आधी कोणती वेदनाशामक गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारून ठेव. पुरेसा नमुना मिळाला नाही तर दुर्बिणीतून बघून क्युरेटिंग करतात, म्हणजे अस्तर खरवडून घेतात. तुकडा ठेवलेली फॉर्मॅलिनची बाटली लॅबला न्यायला तुमच्याच हातात दिली, तर नाव, वय बाटलीवर लिहिलंय ना ते बघ आणि त्याच दिवशी पोचव. सगळा निर्णय त्या रिपोर्टावर असतो. रक्त थांबलं की लोक तो आणायलाच जात नाहीत, हे मला फार खटकतं.

कोरडेपणा निघाला तर इस्ट्रिऑलचं क्रीम देतात, साधारण पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. पॉलिप दुर्बिणीतून काढून तपासायला पाठवतात. अस्तर जाड पण पेशी साध्या असतील तर मिरेना (पिशवीत बसवायची, प्रोजेस्टेरॉनसारखं औषध सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू) किंवा प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, निदान ६ महिने, आणि मधे पुन्हा तुकडा. पेशी बिघडलेल्या असतील तर या वयात पिशवी, नळ्या आणि अंडाशय काढणंच योग्य. कॅन्सर निघाला तर एमआरआय करून ऑपरेशन, गरजेप्रमाणे रेडिएशन किंवा केमो. पिशवीपुरता असताना सापडला तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

रक्त थांबवायच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ नकोस. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आपल्या मनानं बंद करू नका, आणि तिच्यामुळेच झालं म्हणून तपासणीही टाळू नका. तासाला एक पॅड भिजू लागलं किंवा चक्कर आली तर मात्र अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. सोनोग्राफी झाली की रिपोर्टाचा फोटो पाठव.

तुझी,
आई