तापकीर गल्लीतल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

दादाचं प्लेस्टेशन 2 पुन्हा नीट चालायला लागलं, त्याबद्दल आभार आहेतच. पण हे पत्र खरं तर तुमच्या पांढऱ्या चिकटपट्टीसाठी आहे.

तुमच्याकडे येण्याआधी पुष्कळ दुकानं पालथी घातली होती. पिक्चर ट्यूबचा टीव्ही भंगारात गेला आणि नव्यावर दादाला त्याचा क्रिकेटचा गेम खेळवेना. चित्र पुसट, कडा थरथरणाऱ्या, आणि बॅट फिरायची ती दांडी उडाल्यावर! एकाने सांगितलं, "टाकून द्या हे खोकं." दुसऱ्याने स्वस्तातला कन्व्हर्टर गळ्यात मारला, त्याने खेळाडू आडवे फुगले आणि बॅट आणखीच उशिरा फिरायला लागली. एका ठिकाणी दादा वायरच्या रंगीत पिना हातात धरून थबकला, तर काउंटरवरचा पोरगा सगळ्यांसमोर हसला, "लाल-हिरवंही कळत नाही का?" नाही कळत. जन्मापासून दादाला त्या दोन रंगांतला फरक दिसत नाही. तो काही न बोलता बाहेर पडला आणि घरी येऊन मशीन माळ्यावर टाकलं. मला तो राग अजून आहे.

तुम्ही आधी विचारलंत, "खेळता काय?" क्रिकेट म्हटल्यावर म्हणालात, मग आधी उशीर घालवू. आपल्याकडच्या मशीनमधून सेकंदाला 50 वेळा अर्धंच चित्र निघतं, एकदा विषम ओळी, एकदा सम. जुना टीव्ही त्या येतील तशा पडद्यावर काढायचा. नवा त्या जोडत आणि ताणत बसतो, वेळ तिथे जातो. इतकं सरळ आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तुम्ही स्वतःसाठी मागवलेला रेट्रोटिंक 5एक्स, म्हणजे जुन्या मशीनचं चित्र जवळजवळ उशीर न लावता नव्या टीव्हीजोगं करणारं छोटं खोकं, मध्ये जोडलात, टीव्ही गेम मोडवर टाकलात, बाजूला काळ्या पट्ट्या सोडून चित्र मूळच्या 4:3 मापात आणलंत. दादाचा पहिला कव्हर ड्राइव्ह बसला तेव्हा त्याच्याआधी तुम्हीच "वा!" म्हणालात.

आणि मग ती वायर. चित्राच्या हिरवी, निळी, लाल अशा तीन पिना, आवाजाची एक पांढरी आणि वर पुन्हा एक लाल. दादा वाकून नुसताच बघत राहिला. तुम्ही त्याला काही विचारलं नाहीत, माझ्याकडेही पाहिलं नाहीत. ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढलीत, बारीक तुकडे कापलेत, प्रत्येक पिनेवर आणि रेट्रोटिंकवरच्या तिच्या जागेशेजारी एकच आकडा घातलात, 1 ते 5. "माझंही होतं असं घाईत," एवढंच म्हणालात. तुमचं होत नसणार, काका. पण दादाला मान वर करता आली.

शिकलेली, मोठ्या पगाराची माणसंही समोरच्याची अडचण दिसली की आधी ती चारचौघांत बोलून दाखवतात. तुम्हाला ती दिसली आणि तुम्ही तिचा गवगवा केला नाहीत. असं वागायला पैसे लागत नाहीत, तरी किती कमी लोक तसं वागतात. स्वतःचा रेट्रोटिंक तुम्ही आमचा येईपर्यंत वापरायला दिलात, डिपॉझिटही घेतलं नाहीत, हे तर मी घरी सगळ्यांना सांगत सुटले आहे.

आता दादा स्वतः वायर काढतो, स्वतः लावतो, भाच्याला हाक मारून खेळायला बसवतो. त्याच्या मित्राचंही मशीन असंच पडून आहे, त्याला तुमच्याकडे पाठवतेय. घासाघीस करायची नाही, असं बजावलंय त्याला. तुम्ही मुळातच कमी घेता.

तुमची,
प्लेस्टेशनवाल्या दादाची बहीण