कीचेनच्या बॅटरीला जादा व्होल्ट नको, चांगली एलईडी द्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

माझं जिंतूरला मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. हल्ली दुकानात एक नवंच गिऱ्हाईक वाढलंय, गाडीच्या चाबीला अडकवलेली अंगठ्याएवढी बॅटरी काउंटरवर ठेवतेत अन् म्हणतेत काका हिचा उजेड वाढवून द्या, रीलमध्ये बघितलं, नुसता सेल बदलला की डबल होतो म्हणं. काही पोरं तर घरीच उघडून, जाळून, मग आणायलेत. ह्या विषयावर पेपरात कधी काही वाचलं नाही म्हणून चार ओळी लिहितो, जागा असली तर छापा.

आता कुणी म्हणंल मोबाईलला टॉर्च असतो की, ह्या खेळण्याचं काय घेऊन बसलात. ज्याला रात्रीची थ्री फेज लाईट आहे अन् हरभऱ्याला पाणी द्यायला बाराला उठून आखाड्यावर जावं लागतं त्याला विचारा. हाताला चिखल, मोबाईल पाच टक्क्यांवर, स्टार्टरच्या पेटीत दोन्ही हात घालायचे, तवा ही चिमुकली बॅटरीच दातात धरता येते. चाबीला असते म्हणून घरी विसरत पण नाही. म्हणजे उजेड वाढवायची हौस काही फालतू नाही, मला ती पटते. पण रीलवाले जे दाखवायलेत ते उलटं आहे.

ते काय करतेत सांगतो. मागचा बारका स्क्रू काढला की आत बटणासारखा सेल असतो, त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. ह्यात २० म्हणजे व्यास २० मिलीमीटर अन् ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलीमीटर. सीआर २०१६ ची जाडी त्याच्या बरोबर निम्मी, १.६. म्हणून एकाच्या जागी दोन २०१६ एकावर एक ठेवले की तंतोतंत बसतेत अन् ३ व्होल्टाचे ६ व्होल्ट होतात. बटण दाबलं की लख्ख! व्हिडिओ तिथंच संपतो.

पुढचं असं, की पांढऱ्या एलईडीला लागतात ३ ते ३.४ व्होल्ट, अन् पाच एमएमच्या साध्या एलईडीचा करंट २० मिलीअँपिअर धरलेला असतो. ह्या बॅटऱ्यांत बहुतेक वेळा रेझिस्टर (करंट अडवून आटोक्यात ठेवणारा पार्ट) टाकलेलाच नसतो, बटण सेलच्या आतच जो रेझिस्टन्स असतो तेवढ्यावर एलईडी वाचते. दोन नवे सेल घातले की करंटची ती मर्यादा ओलांडली जाते. पांढरी एलईडी मुळात पांढरी नसतेच, आत निळी चिप असते अन् तिच्यावर पिवळ्या पावडरचा थर, दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. (ही झगझगीत निळी एलईडी १९९३ साली जपानच्या निचिया कंपनीत नाकामुरांनी काढली, निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल त्यांना अन् अजून दोघांना मिळालं. आज पाच रुपयाच्या लायटरखाली पण तीच वस्तू लावलेली असते.) करंट जादा झाला की चिप तापते, पिवळा थर खराब होतो, उजेड निळसर पडतो अन् पोरांना वाटतं लईच पॉवरफुल झाली.

अन् सेलचं काय? २०३२ मध्ये साधारण २२० एमएएच (सेलची साठवण, मिलीअँपिअर गुणिले तास) असतात, २०१६ मध्ये ९० च्या आसपास. दोन लावले तरी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडल्यावर, एमएएच वाढत नाहीत, ९० चे ९०च. त्यात हे सेल रिमोट, वजनकाटा, कॉम्प्युटरच्या मदरबोर्डातलं घड्याळ असल्या कामाचे, थेंब थेंब करंट द्यायचे. त्यांच्याकडून एकदम ३०-४० मिलीअँपिअर ओढले की ते लवकर बसतेत, छापलेले ९० पण पूर्ण हाती लागत नाहीत. म्हणजे चकचकाट सुरुवातीचा, मग हिशोब पहिल्यापेक्षा खाली.

मग करायचं काय, तर एलईडीच बदला. स्वस्तातल्या कीचेनमध्ये सगळ्यात हलका माल तीच असते. नावाजलेल्या कंपनीची पाच एमएमची एलईडी काही रुपयांत मिळते, इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की हैदराबादचा कोटी भाग, आमच्याकडं पार्सल येतं. तेवढ्याच २० मिलीअँपिअरमध्ये ती जुनीपेक्षा स्पष्ट जास्त उजेड देते, सेलला फुकटचा ताण नाही. लांब पाय प्लस, कडेला जिथं गोलाई छाटल्यासारखी सपाट आहे तो मायनस. डोळ्याजवळ धरून बघितलं तर आत दोन तुकडे दिसतेत, मोठ्या तुकड्याला वाटीसारखा खळगा असतो, चिप तिथंच बसलेली असते अन् बहुतेक एलईडीत तोच मायनस. चिपची गरमी त्याच पायातून बाहेर निघते म्हणून पाय आखूड ठेवा, पण सोल्डर करताना गन दोन-तीन सेकंदावर टेकवू नका, ज्या पायानं गरमी बाहेर जाते त्याच पायानं आत पण जाते.

दोन सेल लावायचेच असले तर मध्ये १५० ओहमचा रेझिस्टर टाका. ६ मधून ३.२ गेले, उरले २.८ व्होल्ट, त्याला १५० नं भागलं की १९ मिलीअँपिअरच्या आत येतं. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला येणारं गणित आहे हे, रीलवाल्याला येत नाही.

अजून एक, उजेड डबल केला तरी डोळ्याला डबल दिसत नाही, थोडाच वाढल्यासारखा वाटतो. अन् दुप्पट लांबचं तेवढंच ठळक दिसायला चौपट उजेड लागतो. धुऱ्यावरून चालताना लांबचं बघायची गरजच काय, दिसायला पाहिजे ते पुढच्या दोन पावलांवरचं. त्यासाठी एलईडीचा गोल घुमट बारीक काचपेपरवर घासून खरबरीत करा, झोत पसरतो, एकच टिकली पडायच्या ऐवजी सगळी पायवाट दिसते. अन् घेताना जराशी पिवळसर छटेची घ्या. निळसर उजेडात वाळला पाचोळा अन् त्यात पडलेली घोणस सारख्याच राखाडी दिसतेत असं माझं तरी मत आहे. शेतकऱ्यानं गिऱ्हाईक म्हणून मागावं ते हेच, पण दुकानात विचारतेत ते 'लांब किती जातो'.

ह्यावरून बाजारातली लूट पण सांगतो. आठवडी बाजारात कीचेनच्या पाकिटावर 'एक हजार लुमेन' (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं माप) छापलेलं असतं. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो अन् किती तापतो हात लावून बघा. पाच एमएमच्या एलईडीत ०.०६४ वॅट जातात, उजेड दहा लुमेनच्या आतच. हजार म्हणणाऱ्याला एवढंच विचारा की बाबा तेवढी गरमी चाबीतून कुठून बाहेर काढलीस.

चार्जिंगवाल्या कीचेनच्या नादी तर हौशी पोरांनी लागूच नये. त्यात लिथियमची चपटी बॅटरी असते, तिच्या पत्तीवर गन टेकवली, नाहीतर स्क्रू ड्रायव्हरनं उचकटताना भोक पडलं की भडका होतो. काहीजण जुन्या मोबाईलची फुगलेली बॅटरी लावून मागतेत, मी सरळ हाकलतो. अन् ते टीपी ४०५६ चं तयार चार्जिंग मॉड्यूल येतं ना, ते जसं येतं तसं एक अँपिअरनं चार्ज करतं, दीडशे एमएएचच्या पिल्लाला ते सहा-सात पट जादा झालं. त्यावरचा १.२ के (म्हणजे १२०० ओहम) चा रेझिस्टर काढून १० के चा टाकला की १३० मिलीअँपिअरवर येतं. हे ज्याला बदलता येत नाही त्यानं ते मॉड्यूल लावू नये.

पण साहेब, खरं पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. उघडलेल्या कीचेनचा स्क्रू कुणी परत लावत नाही. झाकण सेलोटेपनं चिकटवतेत, रिकामे सेल घरात कुठंबी पडतेत अन् घरात रांगणारी लेकरं असतेत. २० मिलीमीटरचा सेल लहान लेकराच्या अन्ननळीत बरोबर अडकतो. लाळेमुळं सर्किट पूर्ण होतं, मायनसच्या बाजूला अल्कली तयार होते अन् दोन तासाच्या आतच अन्ननळी गंभीर भाजू शकते. सेल फुटायची, गळायची गरजच नसते. बॅटरी पेटवायला जो कामाचा राहिला नाही त्यात पण तेवढा दम उरलेला असतो. सुरुवातीला लेकरू नुसतं लाळ गाळतं, खात नाही, खोकतं, घरच्यांना वाटतं सर्दी झाली. उलटी काढायच्या भानगडीत न पडता तडक एक्स-रे असलेल्या दवाखान्यात न्यायचं, अन् 'बटण सेल गिळलाय' हे दारातच सांगायचं. एक्स-रेत तो नाण्यासारखा दिसतो, म्हणून नाणं असंल म्हणून थांबू नये.

माझ्या दुकानात आता जुना सेल मी परत देत नाही, दोन्ही बाजूंनी टेप लावून डब्यात टाकतो, अन् स्क्रू हरवला असंल तर दुसरा बसवल्याशिवाय कीचेन हातात देत नाही. त्यावरून एक-दोघं भांडले पण. आपल्या पेपरात शेतीच्या पानावर लेकरांच्या दवाखान्याची एवढीच माहिती एका चौकटीत आली तर मी ती कापून काउंटरच्या काचेखाली लावीन, माझ्या तोंडच्यापेक्षा छापलेलं लोक लवकर ऐकतेत.

कळावे,
आपला एक वाचक, मोबाईल रिपेअरिंगवाला
जिंतूर, जि. परभणी