शिकागोचा नकाशा लावा, पण नीट छापून

संपादक महोदय,

11 सप्टेंबर जवळ आला की शाळा, वाचनालये आणि मंडळे स्वामी विवेकानंदांच्या भाषणाचे फलक लावतात. त्यात शिकागोच्या 1893 च्या जागतिक प्रदर्शनाचा विहंगम नकाशाही अनेकदा असतो. नकाशा देखणा आहे, लावावाच. मात्र त्यातल्या एखाद्या पांढऱ्या इमारतीवर बाण काढून ‘भाषण येथे झाले’ असे लिहू नये. सर्वधर्म परिषद मिशिगन ॲव्हेन्यूवर, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत भरली होती. प्रदर्शन भरले होते तिथून सुमारे 11 किलोमीटर दक्षिणेला, जॅक्सन पार्कमध्ये.

नकाशा कोणत्या वर्षीचा, हेही पाहावे. करिअर अँड आइव्ह्ज या अमेरिकी चित्रप्रकाशकांचे प्रसिद्ध चित्र 1892 चे, म्हणजे प्रदर्शन उघडण्याआधीचे. ते आराखड्यांवरून काढलेले आहे. 264 फूट उंचीचे फेरिस चक्र त्यात नाही. ते चक्र 21 जून 1893 ला सुरू झाले, प्रदर्शन उघडून सात आठवडे झाल्यावर. म्हणून चित्राखाली प्रकाशक आणि वर्ष हवेच. मूळ चित्राच्या समासात हे सगळे असते, इमारतींच्या क्रमांकांची यादीही बरेचदा तिथेच असते. पण तयार 24 बाय 36 इंची फ्रेमच्या मापात बसवण्यासाठी नेमका समासच कापला जातो आणि चित्रातले आकडे निरर्थक होतात. फ्रेम चित्राच्या मापाने करून घ्यावी.

सर्वाधिक नुकसान फाइलमुळे होते. 36 इंच रुंद छपाईला इंचाला 300 पिक्सेल या हिशेबाने 10,800 पिक्सेल लागतात. 5,400 च्या खाली जाऊच नये. शोधयंत्रावर सापडलेले 1,200 पिक्सेलचे चित्र तेवढे ताणले तर इंचाला जेमतेम 33 पिक्सेल उरतात. संगणकाकडून ते ‘सुधारून’ घेणे तर त्याहून वाईट, कारण नसलेल्या खिडक्या उगवतात आणि अक्षरांच्या जागी भलत्याच खुणा येतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर रँड मॅकनॅली या नकाशा-प्रकाशकांचा 1893 चा नकाशा मोठ्या टिफ फाइलमध्ये विनामूल्य मिळतो. फाइल पडद्यावर शंभर टक्के आकारात उघडून सर्वांत बारीक आकडे वाचावेत. 3 आणि 8 वेगळे ओळखता येत नसतील तर ती फाइल छपाईला देऊ नये.

त्या काळची अशी रंगीत चित्रे शिळाछापाची असत, प्रत्येक रंगाला वेगळा दगड. राजा रवि वर्मा यांची चित्रे याच प्रदर्शनात मांडली होती आणि 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्याची पद्धतही हीच. दहापट भिंगाखाली शिळाछापात रंगाचे वेडेवाकडे कण दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित फुले दिसतात. ‘मूळ प्रत’ म्हणून कोणी विकत असेल तर आधी भिंग लावावे. छापताना ‘ऑटो कॉन्ट्रास्ट’ बंद ठेवायला सांगावे, नाहीतर आकाश आणि तळ्याची फिकट छटा उडते. ‘जुने दिसावे’ म्हणून वर तपकिरी थर देणाऱ्यालाही थांबवावे. सर्वांत दाट भागाची ए-4 एवढी पट्टी प्रत्यक्ष मापात आधी छापून बघावी.

फ्लेक्सच्या विणीत बारीक रेघा बुडतात. 200 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) वरचा मॅट कॉटन कागद आणि पिगमेंट शाई घ्यावी. कागद चारही बाजूंनी चिकटवला तर दमट हवेत फुगून त्याला लाटा पडतात, म्हणून फक्त वरच्या कडेला दोन बिजागऱ्या लावाव्यात, त्याही पातळ जपानी कागदाच्या आणि गव्हाच्या खळीने; सेलोटेप पिवळा पडून डाग सोडतो. चित्र आणि काच यांच्यामध्ये ॲसिडमुक्त माउंटचे, म्हणजे पुठ्ठ्याच्या चौकटीचे, अंतर हवे, कागद काचेला टेकला की पावसाळ्यात तिथे बुरशी धरते. कोकणात किंवा ओल धरणाऱ्या भिंतीवर फ्रेमच्या मागे खालच्या दोन्ही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागून हवा खेळती राहते.

— एक वाचक, पुणे